प्रोबविना सीआरओ: पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातलं एक खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज. नाव देत नाही, कारण यातलं निम्मं तरी आजूबाजूच्या कुठल्याही कॉलेजला लागू पडेल. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने २०२४ ते २०२७ या काळासाठी काढलेल्या नियमपुस्तिकेत अटी पूर्ण करणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. कॉम्प्युटर, आयटी आणि एआयच्या जागा भराभर वाढल्या. या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या सहा तुकड्या होत्या, त्या दहावर गेल्या. वर्गखोल्या रंगवल्या गेल्या, बाकं आली, संगणक आले. वाढली नाही ती ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) विभागाची बेसिक इलेक्ट्रॉनिक्सची लॅब. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या म्हणून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) आणि सीआरओ (विजेचा तरंग पडद्यावर दाखवणारं यंत्र) वाढवावे लागतील, हे कुणाच्या डोक्यात येणार? पण पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखंच. कॉम्प्युटरच्या पोरालाही डायोडची व्ही-आय कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे व्होल्टेज वाढवलं की करंट कसा वाढतो त्याचा आलेख, काढावीच लागते.

मी तेव्हा कॉलेजचं टाइमटेबल बघत होतो. माझ्याकडे हा प्रश्न आला तो 'स्लॉट पुरत नाहीत' एवढ्याच रूपात.

हिशोब सोपा होता. निम्म्या तुकड्यांना हा विषय पहिल्या सत्रात, उरलेल्यांना दुसऱ्या. म्हणजे एका सत्रात पाच तुकड्या. ६० च्या तुकडीच्या वीस-वीसच्या तीन बॅच, पाच त्रिक पंधरा. त्याच लॅबमध्ये ईअँडटीसीच्या दुसऱ्या वर्षाचे दोन विषय, त्यांच्या सहा बॅच. एकूण २१. दिवसाला दोन तासांचे तीन स्लॉट, पाच दिवसांचे १५, आणि शनिवारचे ओढूनताणून दोन. सतरामध्ये एकवीस बसवायचे. यापूर्वी, सहा तुकड्या असताना, पहिल्या वर्षाच्या ९ आणि दुसऱ्याच्या ६ अशा १५ बॅच होत्या आणि स्लॉटही १५. लॅब सोमवारी सकाळी उघडायची ती शुक्रवारी संध्याकाळीच रिकामी व्हायची. खोलीचा शंभर टक्के वापर म्हणून भेट देणाऱ्या समित्यांना हे फार आवडायचं.

लॅबमध्ये दहा टेबलं. डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) प्रत्येकावर एक सीआरओ किंवा डीएसओ (त्याचाच डिजिटल प्रकार), एक फंक्शन जनरेटर (हवा तो तरंग देणारं यंत्र), एक ड्युअल पॉवर सप्लाय, दोन मल्टिमीटर. वीस मुलं, दहा टेबलं, टेबलाला दोघं. कागदावर याहून चांगली व्यवस्था असू शकत नाही. प्रत्यक्षात चार-चार मुलं एका टेबलाभोवती. एक जण सर्किट जोडतोय, एक वाकून बघतोय, दोघं मागे उभे राहून रीडिंग कधी मिळतायत याची वाट बघतायत. कारण सगळं धड चालतं अशी टेबलं एका वेळी पाच, फार तर सहा.

त्या वर्षी लॅब इन्चार्ज बदलल्या. नव्या मॅडमनी पहिलं काम केलं ते म्हणजे आदल्या सत्राची जर्नल्स काढून बसल्या. डायोडच्या प्रयोगात त्यांना एक गंमत दिसली. एकूण एक जर्नलमध्ये पॉइंट सात व्होल्टपर्यंत करंट शून्य, आणि बरोबर पॉइंट सातला आलेख सरळ वर. वन एन चार शून्य शून्य सात हा आपला नेहमीचा डायोड असं वागत नाही. पॉइंट सहाच्या आसपासच मिलिॲम्पिअर दिसायला लागतो आणि पुढे आलेख वळत वळत चढतो. पुस्तकात 'सिलिकॉन: ०.७ व्होल्ट' लिहिलंय, तोच आकडा मुलांनी जर्नलमध्ये उतरवला होता. एवढंच नाही, तर चौथ्या टेबलावरच्या गटांची रीडिंग्ज दशांशापर्यंत एकसारखी होती, वेगवेगळ्या बॅचची, वेगवेगळ्या आठवड्यांतली.

मॅडम चौथ्या टेबलाशी गेल्या. लॅब असिस्टंट जवळच होते. त्यांना सगळं कॉलेज 'काका' म्हणतं.

"काका, हे मीटर कधीपासून बंद आहे?"

"बंद नाही मॅडम, करंटचा फ्यूज गेलाय. व्होल्टेज दाखवतं बरोबर."

"मग बदलला का नाही?"

"स्टोअरला नाहीयेत. इंडेंट दिलंय."

इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, मागच्या सत्रातलं होतं.

हा फ्यूज कसा जातो हे लॅब घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलगा करंट मोजतो, मग त्याला व्होल्टेज बघायचं असतं. नॉब करंटवरच राहतो आणि पिना थेट सप्लायच्या दोन टोकांना लागतात. मीटरच्या आतून जवळजवळ शॉर्ट. फ्यूज आपलं काम करतो आणि जातो. मीटरचा दिवा लागतो, आकडे दिसतात, व्होल्टेज अगदी बरोबर येतं, फक्त करंट कायम शून्य. पुढच्या बॅचचा मुलगा अर्धा तास सर्किट तपासतो, डायोड उलटा करून बघतो, ब्रेडबोर्ड बदलतो. शेवटी घड्याळाकडे बघतो आणि शेजारच्या गटाचे आकडे उतरवतो. दोन मीटरांमध्ये तर फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा गुंडाळलेला निघाला. त्यातला एक पुढच्याच चुकीला आतून जळालेला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. ब्रिज रेक्टिफायरच्या (चार डायोड वापरून एसीचं डीसी करणारं सर्किट) प्रयोगात डायोड जळण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. काकांच्या मते मुलं डायोड उलटे लावतात. काही लावतातही. पण खरं कारण सीआरओच्या प्रोबमध्ये होतं, म्हणजे सर्किटला लावायच्या त्या वायरीत, जिला एक टोक आणि एक काळी ग्राउंडची क्लिप असते. मुलांना इनपुट आणि आउटपुट एकाच वेळी पडद्यावर बघायचं असतं, आणि मॅन्युअलमधली आकृतीही तसंच सुचवते. चॅनेल एक ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर (बाहेरच्या बाजूचं वेटोळं), चॅनेल दोन लोडवर. आता सीआरओच्या दोन्ही चॅनेलचे ग्राउंड आतून एकच असतात. एका प्रोबची काळी क्लिप सेकंडरीच्या एका टोकाला आणि दुसऱ्याची लोडच्या निगेटिव्हला लावली, की त्या दोन बिंदूंमधला डायोड शॉर्ट होतो. मग अर्ध्या सायकलमध्ये सगळी सेकंडरी शेजारच्या एकट्या डायोडमधून शॉर्ट होते. तो जळतो. मुलगा म्हणतो, "सर, डायोड खराब होता."

कुणीतरी पूर्वी यावर उपाय म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली होती. एका-दोघांची नाही, सहा सीआरओंची. ग्राउंडची काहीतरी भानगड आहे एवढं कळलं, मग ग्राउंडच नको. गंमत म्हणजे या प्रयोगात त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण दोन चॅनेलचा शॉर्ट सीआरओच्या पोटातच आहे, भिंतीतल्या अर्थशी त्याचा संबंध नाही. उलट आता सीआरओची लोखंडी पेटी अर्थशिवाय उभी. आत कुठे इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट पेटीवर, आणि पहिल्या वर्षाचं पोर एक हात पेटीवर टेकवून दुसऱ्या हाताने नॉब फिरवतंय. मॅडमनी त्याच दिवशी सहाही सीआरओ बाजूला काढले आणि प्लग बदलेपर्यंत परत लावू दिले नाहीत. तेवढे दिवस लॅब आणखी लहान झाली. तक्रारी आल्या, त्यांनी ऐकून घेतल्या, बधल्या नाहीत. प्रयोगाची आकृतीही बदलली: इनपुट आधी बघायचं, प्रोब काढायचा, मग आउटपुट. काळी क्लिप सर्किटला न लावता बघायचंच असेल तर दोन्ही प्रोबची टोकं दोन बिंदूंना लावून, एक चॅनेल उलटा करून दोघांची बेरीज घ्यायची, काळ्या क्लिपा मोकळ्या सोडून. ते सहसा शिक्षकच दाखवतात.

पाच-सहा टेबलंच चालायची याचं कारण आता उलगडायला लागलं. बंद पडलेल्या टेबलांची मॅडमनी आणि काकांनी मिळून एक यादी केली. एक सीआरओ खरोखर मेलेला होता, एका फंक्शन जनरेटरचं आउटपुट गेलं होतं. बाकी सगळं फुटकळ. प्रोबची क्लिप तुटलेली, बीएनसी केबलचं टोक आतून सुटलेलं, सप्लायची लाल टर्मिनलची टोपी हरवलेली, मीटरचे फ्यूज, ब्रेडबोर्डच्या सैल झालेल्या रांगा. पाच-दहा रुपयांच्या फ्यूजपासून तीन-चारशे रुपयांच्या प्रोबपर्यंतच्या वस्तू, आणि त्यांच्यापायी पंचवीस-तीस हजारांचा डीएसओ झाकण घालून बसलेला.

हे असं का होतं ते कागदपत्रांत बघितलं की कळतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सीआरओची नोंद एका ओळीत होते, 'प्रोबसह'. प्रोब तुटला तरी ओळ तशीच राहते. नवा प्रोब घ्यायचा तर तो ना धड डेड स्टॉक, ना धड कन्झ्युमेबल (वापरून संपणारी वस्तू). मागणी एचओडींमार्फत जाणार, तीन कोटेशन लागणार, आणि चारशे रुपयांसाठी कोटेशन द्यायला कुठलाच विक्रेता उत्सुक नसतो. नवा डीएसओ घेणं त्या मानाने सोपं, त्याला बजेटमध्ये शीर्षक आहे. वार्षिक स्टॉक व्हेरिफिकेशनमध्येही मोजणारे दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक 'आहे का' एवढंच बघतात. 'चालतो का' हा रकानाच नाही.

दंडाचा भाग वेगळाच. काही तुटलं की गटाच्या अनामत रकमेतून पैसे कापायची जुनी पद्धत होती. हेतू चांगला, परिणाम उलटा. फ्यूज उडाला की मुलं गप्प. क्लिप तुटली की ती पुन्हा टोकाला टेकवून ठेवायची, म्हणजे पुढच्या बॅचच्या हातात ती 'तुटेल'. आणि काकांना हे तपासायला वेळच नव्हता. एक बॅच बाहेर पडताना दुसरी दारात उभी, सलग तीन स्लॉट, पाचही दिवस. पाच वाजता काका लॅबला कुलूप लावायचे ते उद्या सकाळी पहिल्या बॅचलाच उघडायचे.

प्राचार्यांसमोर बैठक झाली तेव्हा टेबलावर दोन प्रस्ताव होते. पहिला विक्रेत्याचा: ट्रेनर किट. प्रत्येक प्रयोगासाठी तयार पेटी, वर सर्किट छापलेलं, मीटर त्यातच बसवलेले, मुलाने पॅच कॉर्ड लावायच्या आणि आकडे लिहायचे. किट सहसा बिघडत नाही हे खरं. मुलगा काही शिकत नाही हेही खरं. चार पॅच कॉर्ड लावलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत डायोडवरचा पट्टा कुठल्या टोकाला असतो ते सांगू शकत नाही, कारण त्याने डायोड हातात धरलेलाच नसतो. आणि खरेदी समिती, तुलनात्मक तक्ता, मंजुरी हे सगळं होईतो सत्र संपलेलं असतं.

दुसरा प्रस्ताव होता व्हर्च्युअल लॅब्सचा, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच प्रयोग करायचा. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा हा प्रकल्प, आयआयटींबरोबर पुण्याचं सीओईपीही त्यात आहे, आणि कोविडच्या दोन वर्षांत त्याने सगळ्यांनाच हात दिला. निम्मे प्रयोग तिथे करून घ्या, असं सुचवलं गेलं. मॅडमचं म्हणणं असं की प्रयोगाच्या आधी घरी करून यायला तो उत्तम आहे, प्रयोगाऐवजी नाही. पडद्यावरच्या मीटरचा फ्यूज कधीच जात नाही. सर्किट चालत नाही तेव्हा दोष कुठे आहे ते शोधायचं कसं, हे ज्या लॅबमध्ये शिकायचं, तिथे दोषच नसेल तर शिकायचं काय?

त्यांचा स्वतःचा प्रस्ताव ऐकून मी चक्रावलो. २१ बॅच १७ स्लॉटमध्ये बसत नाहीत म्हणून ही बैठक, आणि मॅडम म्हणाल्या, मला आठवड्यातले तीन स्लॉट दुरुस्तीसाठी रिकामे हवेत.

"मॅडम, आहेत तेच पुरत नाहीत."

"सर, तुम्ही खोलीचे स्लॉट मोजताय. मी चालू टेबलं मोजतेय. पंधरा स्लॉट गुणिले पाच टेबलं म्हणजे पंचाहत्तर. बारा गुणिले दहा म्हणजे एकशे वीस. सांगा कुठे जास्त मुलं बसतात?"

या गुणाकाराला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण २१ बॅचचं काय करायचं हा प्रश्न उरतच होता. तो सुटला अभ्यासक्रम पुढ्यात घेऊन. पहिल्या वर्षाचे साधारण दहा प्रयोग. त्यांतल्या सहांना सीआरओ लागतो किंवा फंक्शन जनरेटर लागतो. उरलेल्या चारांना नाही: घटकांची ओळख, मल्टिमीटरचा वापर, लॉजिक गेट्स, सेन्सर. हे चार प्रयोग सीआरओच्या लॅबमध्ये का घ्यायचे? तर विषयाची लॅब ती म्हणून. इंजिनिअरिंग ग्राफिक्स बरंचसं संगणकावर गेल्यापासून ड्रॉइंग हॉल आठवड्यातले बरेच तास रिकामा असायचा. मोठी टेबलं, भरपूर उजेड. लॉजिक गेट्सना लागतो ५ व्होल्टचा ॲडॅप्टर, ब्रेडबोर्ड, एक आयसी, एलईडी आणि रेझिस्टर. ते चार प्रयोग तिथे न्यायचे.

आता हिशोब बदलला. १५ बॅच गुणिले ६ प्रयोग म्हणजे ९०. सीईटी सेलच्या कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) लांबल्या की पहिल्या वर्षाचं सत्र उशिरा सुरू होतं आणि हातात कसेबसे दहा आठवडे मिळतात. म्हणजे आठवड्याला ९ स्लॉट. दुसऱ्या वर्षाच्या डिजिटल विषयाच्या तीन बॅच मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये हलवल्या, ॲनालॉगच्या तीन राहिल्या. नऊ आणि तीन बारा. शनिवारला हात न लावता तीन स्लॉट मोकळे. कागदावर हे दोन ओळींचं काम, प्रत्यक्षात ड्रॉइंग हॉल मेकॅनिकलच्या डेड स्टॉकमध्ये होता आणि तिथल्या टेबलांवर सोल्डरिंगचे डाग पडतील या चिंतेने तिकडच्या एचओडींनी चांगलंच ताणून धरलं. सोल्डरिंग तिथे करणार नाही असं लेखी दिल्यावर प्रकरण मिटलं.

मोकळ्या स्लॉटमध्ये टाइमटेबलवर काय लिहायचं यावरही खल झाला. रिकामी चौकट दिसली की कुणीतरी एक्स्ट्रा लेक्चर टाकणार हे ठरलेलं. शेवटी 'देखभाल' असं छापलं आणि त्यापुढे काकांचं नाव. लॅब असिस्टंटचं नाव टाइमटेबलवर येण्याची आमच्याकडची ती पहिलीच वेळ.

पैशाचा प्रश्न पेटी कॅशने सुटला. दरमहा एक लहान रक्कम लॅबच्या नावे, हिशोब पावतीनिशी. काका महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून फ्यूज, बीएनसी टोकं, क्रोकोडाइल क्लिपा आणि दोन-चार प्रोब घेऊन येऊ लागले. त्यांना दुकानं माहीत, भाव माहीत, कुठल्या दुकानातला प्रोब दोन महिन्यांत सुटतो तेही माहीत. हे ज्ञान कुठल्याही तुलनात्मक तक्त्यात बसत नाही.

दंड बंद केला. त्याऐवजी प्रत्येक गटाला सत्रभर एकच टेबल, आणि स्लॉटची पहिली दहा मिनिटं टेबल तपासायची. प्रोब सीआरओच्या कॅल टर्मिनलला (तपासणीसाठी ठरावीक तरंग देणारं टोक) लावून चौकोनी तरंग बघायचा. त्याचे कोपरे गोल दिसले तर प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून सरळ करायचे. मीटरने एक ठरलेला करंट मोजून फ्यूज आहे याची खात्री करायची. बिघाड दिसला तर टेबलावरच्या वहीत लिहायचा. लिहिणाऱ्याला कुणी काही विचारणार नाही.

वहीचा पहिला महिना फुकट गेला. सगळीकडे 'ओके', 'ओके', 'ओके'. मुलांना सही करून मोकळं व्हायची सवय, त्यांनी ही वहीही तशीच भरली. मग वहीतला 'ओके'चा रकाना काढून टाकला आणि कॅल तरंगाची उंची किती चौकोन आणि करंटचं रीडिंग किती, हे आकडे लिहायला लावले. आकडा लिहायचा तर बघावं लागतं. अर्थात आकडाही उतरवता येतो, म्हणून काका मधूनच एखाद्या टेबलावरचा रेझिस्टर बदलून ठेवत. त्या दिवशी जुना आकडा लिहिणारा गट सापडायचा. हे काकांचं स्वतःचं डोकं, आणि त्यात त्यांना भलताच आनंद मिळायचा.

रीडिंग लॅबमध्येच पेनने एका कागदावर लिहून शिक्षकांची सही घेऊन जायचं, जर्नलला तोच कागद चिकटवायचा, खाडाखोडीसकट, हेही सुरू झालं. काही शिक्षकांना जर्नल 'घाण' दिसतं म्हणून ते पटलं नाही आणि ते आजही छान अक्षरातली रीडिंग्ज मागतात. त्यांच्या बॅचमध्ये पॉइंट सात अजून सापडतो.

बाकी काय बदललं? सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत सहसा नऊ टेबलं चालू असायची, कधी दहाही. दोघांच्या गटात मागे उभं राहायला जागाच नसते. सबमिशनच्या दिवसांत लॅबबाहेर जी झुंबड उडायची ती कमी झाली, पण संपली नाही. ड्रॉइंग हॉलमधल्या लॉजिक गेट्सच्या प्रयोगाला मुलं जास्त वेळ थांबायला लागली, हे कुणी ठरवलं नव्हतं. तिथे पुढची बॅच दारात उभी नसते एवढंच कारण असावं. अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनात सुविधा आणि तांत्रिक साहाय्याला स्वतंत्र निकष आहे. त्या फाइलमध्ये यातलं जे दाखवता येण्यासारखं ते देखभालीच्या नोंदी. टेबलावरच्या कळकट वह्या समितीसमोर ठेवायच्या की नाही यावर मात्र विभागात अजून एकमत नाही. ठेवाव्यात असं माझं मत.

दोन गोष्टी लटकलेल्या आहेत. ऑडिटने पेटी कॅशवर आक्षेप घेतला: एकाच प्रकारची वस्तू दरमहा घेताय तर वार्षिक दरकरार का नाही? प्रश्न रास्त आहे, पण दरकरार झाला की प्रोब पुन्हा सगळ्यात स्वस्त येणार. दुसरं म्हणजे काका येत्या जूनमध्ये निवृत्त होतायत. संस्थेचं धोरण असं की ती जागा कंत्राटावर, अकरा महिन्यांसाठी भरायची.

त्यातच पुढच्या वर्षी आणखी दोन तुकड्या येणार आहेत. सत्राला एक, म्हणजे तीन बॅच जास्त. अठरा गुणिले सहा एकशे आठ, दहा आठवड्यांत आठवड्याला अकरा स्लॉट, अधिक दुसऱ्या वर्षाचे तीन. पंधरापैकी चौदा. मॅडमनी प्राचार्यांना दिलेल्या टिपणात नव्या डीएसओची मागणी नाही. पाच टेबलांची दुसरी खोली, आणि काकांच्या जागी येणारा माणूस ते जायच्या आधी तीन महिने रुजू व्हावा, एवढंच मागितलं आहे. टिपण अकाउंट्सच्या शेऱ्यासाठी गेलं आहे.